एआय शिकताना नक्की काय वाचायचं? यादीत चाळीस पुस्तकं, सुट्टी दीड महिन्याची

सायली_मिरज

नमस्कार मंडळी. दोन वर्षं रोमात (फक्त वाचत) होते, धागा पहिलाच आहे. सांभाळून घ्या.

मी इंजिनिअरिंगला एआय अँड डीएस (डेटा सायन्स) ब्रँचला आहे. थर्ड इयर आत्ताच संपलं. दहावीपर्यंत मराठी माध्यम. पेपर सुटतात, सीजीपीए बरा आहे, पण खरं सांगायचं तर मला काही येत नाही. आमच्याकडे परीक्षेच्या आधी चार दिवस लोकल ऑथरचं पुस्तक आणायचं, मागच्या पाच वर्षांचे पेपर बघायचे आणि वॉटर जग प्रॉब्लेम पाठ करायचा, ही पद्धत. चार लिटरचं भांडं, तीन लिटरचं भांडं, मोठ्या भांड्यात दोन लिटर पाणी आणा. मी तो इन-सेमला लिहिला, एंड-सेमला लिहिला, व्हायव्हात सांगितला. तिन्ही वेळा मार्क मिळाले. परवा धाकटा भाऊ वही बघून म्हणाला, "ताई, हे तर कोडं आहे. ह्यात एआय कुठंय?" मला उत्तर देता आलं नाही.

टेलिग्रामवर एका ग्रुपने 'मस्ट रीड' म्हणून चाळीस पुस्तकांची यादी टाकली आहे. पहिलं उघडलं तर हजारावर पानं. दुसऱ्यात प्रस्तावना संपली आणि सरळ मॅट्रिक्स सुरू. दोन्ही बंद केली.

लॅपटॉप आठ जीबीचा, ग्राफिक कार्ड नाही. पुस्तकांसाठी हजार-दीड हजार रुपये काढू शकते. सुट्टी दीड महिना. चाळीसातली कोणती वाचू? तीन सांगा, फार तर चार.

तिरकस

चॅटबॉटला विचार की. तुमच्या ब्रँचचंच पोरगं आहे ते, घरचं माणूस. (कृपया हलकं घ्या.)

सायली_मिरज

विचारलं. त्याने पंचेचाळीस सांगितली.

गोदाकाठ

:)) तिरकस, बसा खाली.

सायली, मी नाशिकला डेटा सायन्सची नोकरी करतो, आठ वर्षं झाली. ती चाळीस पुस्तकं मीही वाचलेली नाहीत. ऑफिसातल्या कोणीच नाहीत. ही यादी करणाऱ्यानेही वाचली नसणार.

माझं पहिलं मत 'अ‍ॅन इंट्रोडक्शन टू स्टॅटिस्टिकल लर्निंग' ह्या पुस्तकाला. जेम्स, विटन, हेस्टी आणि टिबशिरानी. 2013 मध्ये आलं तेव्हा उदाहरणं आर भाषेत होती, 2023 मध्ये पायथनची आवृत्ती आली. लेखकांनीच पीडीएफ फुकट ठेवली आहे, त्यामुळे टेलिग्रामच्या चोरट्या फाइलची गरज नाही. गणित लागतं, पण बारावीच्या पलीकडचं फारसं नाही. दुसरं प्रकरण दोनदा वाच. मॉडेल फार लवचीक केलं की ते डेटा पाठ करतं आणि फार ताठ ठेवलं की त्याला काहीच कळत नाही, हा सगळा झगडा तिथे आहे. तुमच्या पेपर पाठ करण्यासारखंच आहे ते. पाचवं प्रकरण क्रॉस व्हॅलिडेशनचं, म्हणजे थोडा डेटा बाजूला ठेवून मॉडेल त्यावर तपासायचं. ते वगळू नकोस.

ह्यांतल्या हेस्टी-टिबशिरानींचं फ्रीडमनबरोबर लिहिलेलं थोरलं पुस्तक आहे, 'द एलिमेंट्स ऑफ स्टॅटिस्टिकल लर्निंग'. ते आत्ता वाचू नकोस, पण त्यातला एक प्रयोग लॅपटॉपवर करून बघ. 50 नमुने घे, 5000 स्तंभ रँडम आकड्यांनी भर, लेबलंही नाणं उडवून दे. म्हणजे ह्या डेटात शिकण्यासारखं काहीही नाही. आता लेबलांशी सर्वांत जास्त जुळणारे 100 स्तंभ निवड आणि मग क्रॉस व्हॅलिडेशन लाव. चूक साधारण 3 टक्के येते. खरी चूक 50 टक्के असायला हवी! कारण स्तंभ निवडताना तू सगळी उत्तरं आधीच पाहिलेली असतेस. आठ जीबीच्या लॅपटॉपवर मिनिटभराचं काम. माझ्याकडे मुलाखतीला येणाऱ्यांपैकी बरेच जण इथे आपटतात, आणि त्यांच्या रिझ्युमेवर सात-सात सर्टिफिकेटं असतात.

दुसरी गोष्ट, लॅबच्या असाइनमेंटमध्ये बॉस्टन हाउसिंगचा, म्हणजे घरांच्या किमतींचा डेटासेट असेल ना? 506 ओळींचा. आणि कोड चालत नसेल?

सायली_मिरज

हो! इंपोर्टलाच एरर येते. सगळ्यांनी सीनियरचं आउटपुट चिकटवून सबमिशन केलं. मीपण. :(

गोदाकाठ

ती एरर पूर्ण वाचलीस का? सायकिट-लर्न ह्या पायथनच्या लायब्ररीवाल्यांनी 1.2 आवृत्तीत तो डेटासेट काढून टाकला, आणि का काढला ते त्या एररमध्येच लिहिलं आहे. डेटा 1978 च्या एका अभ्यासातला. त्यातला 'बी' नावाचा स्तंभ वस्तीतल्या कृष्णवर्णीयांच्या प्रमाणावरून काढलेला, आणि घराच्या किमतीवर त्याचा परिणाम होतो हे गृहीत धरूनच तो तसा रचलेला. पोरं वर्षानुवर्षं त्यावर रिग्रेशन चालवत होती, स्तंभाचं नाव कोणी वाचलं नाही. तेव्हा तुझ्या यादीत एकेचाळिसावं वाचन घाल, एरर मेसेज.

अटकेपार

मी अमेरिकेत बे एरियात आहे, मशीन लर्निंगमध्येच काम करतो. गोदाकाठशी बऱ्यापैकी सहमत. पण सायलीचं पहिलं हजार पानी पुस्तक म्हणजे रसेल-नॉर्विग यांचं एआयचं पाठ्यपुस्तक असणार. माझं वैयक्तिक मत, ते आता कपाटात शोभेला ठेवावं. 1995 चं पुस्तक आहे. चौथी आवृत्ती 2020 ला आली तरी अर्धं पुस्तक सर्च, लॉजिक, प्लॅनिंग. आज काम करताना मला त्यातलं काही लागत नाही.

त्याऐवजी सायमन प्रिन्सचं 'अंडरस्टँडिंग डीप लर्निंग' घे. 2023 चं, लेखकाच्या साइटवर फुकट, आकृत्या अप्रतिम. त्याच्या जोडीला आंद्रे कारपाथीची 'झीरो टू हीरो' व्हिडिओमाला. पहिल्याच भागात तो मायक्रोग्रॅड नावाचं छोटं इंजिन समोर बसून लिहितो. बॅकप्रोपगेशनचा (चूक मागे नेत नेत वजनं सुधारण्याचा) सगळा गाभा साधारण शंभर ओळींत. ते पॉज करत करत स्वतः टाईप करायचं, कॉपी-पेस्ट नाही. ग्राफिक कार्ड लागत नाही.

आणि 2017 चा 'अटेन्शन इज ऑल यू नीड' हा पेपर, आजच्या भाषा-मॉडेलांचा पाया. आठ लेखक. त्यातल्या निकी परमार पुण्यात पीआयसीटी ह्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकलेल्या, हे तुमच्या कॉलेजातल्या किती जणांना माहीत आहे?

खडूस_मास्तर

अटकेपार, तुम्हाला लागत नाही म्हणून विद्यार्थ्याला लागत नाही असं नसतं. मलाही पाढे लागत नाहीत आता, मोबाईल आहे.

आधी सायलीच्या भावाला उत्तर देऊ. प्रश्न उत्तम आहे, तिच्या परीक्षकांना सुचला नाही असा. बाळा, कोड्यात एआय नाही. कोडं यंत्राला कसं सांगायचं, त्यात आहे. मोठ्या भांड्यात किती आणि लहानात किती, ही दोन आकड्यांची जोडी म्हणजे एक स्थिती. मोठ्यात 0 ते 4, लहानात 0 ते 3, म्हणजे 5 गुणिले 4, एकूण 20 स्थिती. भरा, ओता, इकडचं तिकडे करा, ह्या चाली. दोन लिटर हे ध्येय. यंत्राला पाणी माहीत नाही, भांडं माहीत नाही, फक्त जोड्या आणि चाली. वीस स्थितींत कोणीही उत्तर शोधेल. आता आठ सोंगट्यांचं सरकतं कोडं घे. तिथे एका सुरुवातीपासून पोचता येतील अशा स्थिती 1,81,440. बुद्धिबळात तर मोजायला बसूच नये. मग सगळं न तपासता कुठल्या दिशेने बघायचं हे ठरवावं लागतं, आणि तिथून विषय सुरू होतो. लोकल ऑथरच्या पुस्तकात नेमकं हेच वाक्य गाळलेलं असतं.

आमच्या वेळी रिच आणि नाइट यांचं पुस्तक होतं, 1991 सालचं. तुमचा वॉटर जग तिथूनच आपल्या सिलॅबसात झिरपला. तिथे तो स्थिती म्हणजे काय हे समजावण्यासाठी येतो. आपण त्याची आरती केली.

रसेल-नॉर्विग हजार पानी आहे, कबूल. पण ते सत्यनारायणाच्या पोथीसारखं पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचायचं कोणी सांगितलं? पहिली तीन प्रकरणं वाच. तिसऱ्यात रोमानियाचा नकाशा आहे, अरादहून बुखारेस्टला जायचं. नुसतं 'ध्येयाच्या जवळ दिसतंय तिकडे पळा' ह्या लोभी पद्धतीने गेलं तर 450 किलोमीटर पडतात. ए-स्टार आतापर्यंतचं अंतरही धरतो आणि 418 चा रस्ता काढतो. हे कागदावर कर. मग रोमानिया बाजूला ठेव आणि मिरज ते रत्नागिरी कर. नकाशावर पट्टी ठेवून सरळ अंतर मोज, एसटीचं अंतर शोध. आंबा घाटामुळे रस्ता लांबतो, पण पट्टीचं अंतर रस्त्यापेक्षा कधी जास्त भरत नाही. म्हणूनच तो अंदाज चालतो. ही एक ओळ पटली की 'अ‍ॅडमिसिबल' हा शब्द जन्मात पाठ करावा लागणार नाही.

अटकेपार

मास्तर, सगळं मान्य. पण पोरीला नोकरी रोमानियात नाही मिळवायची. :)

खडूस_मास्तर

2016 साली गो ह्या पटावरच्या खेळात अल्फागो ह्या प्रोग्रॅमने ली सेडॉल ह्या अव्वल खेळाडूला 4-1 ने हरवलं, ते कशाच्या जिवावर? न्यूरल नेटवर्क होतंच, पण त्याच्या जोडीला माँटे कार्लो ट्री सर्च, म्हणजे पुढच्या चालींच्या झाडातला शोध होता. तुमच्या बाजूच्या रिचर्ड सटननेच 2019 साली 'द बिटर लेसन' हा छोटा लेख लिहिला. त्यात तो म्हणतो की गणनशक्ती वाढेल तशा वाढत जाणाऱ्या पद्धती दोन, शिकणं आणि सर्च. तुम्ही त्यातली एक घेतलीत आणि दुसरी कपाटात ठेवायला निघालात.

अटकेपार

तो लेख मी नव्या लोकांना पहिल्या दिवशी वाचायला देतो, आणि सर्चचं वाक्य आजवर डोळ्याखालून तसंच गेलं होतं. चला, पहिली तीन प्रकरणं मंजूर.

तिरकस

लोकहो, स्क्रीनशॉट काढून ठेवा. आंतरजालावर माणसाने मत बदललं.

गोदाकाठ

सटनचा विषय निघालाच आहे तर. सटन आणि बार्टो यांचं 'रीइन्फोर्समेंट लर्निंग' हेही फुकट आहे, दुसरी आवृत्ती 2018. दोघांना 2024 चं ट्युरिंग पारितोषिक मिळालं. पुस्तक पूर्ण झेपणार नाही, पण पहिल्या प्रकरणात फुली-गोळ्याचं उदाहरण आहे आणि ते कोणालाही वाचता येतं. साठच्या दशकात डोनाल्ड मिची ह्या माणसाने संगणकाशिवाय फुली-गोळा शिकणारं यंत्र केलं होतं. 304 काड्यापेट्या, आत रंगीत मणी. प्रत्येक पेटी म्हणजे पटाची एक स्थिती, मणी उचलायचा आणि ती चाल खेळायची. जिंकलं की त्या रंगाचे मणी वाढवायचे, हरलं की काढून घ्यायचे. होस्टेलात एवढ्या काड्यापेट्या नेल्या तर रेक्टर काय म्हणेल ते मात्र बघ.

माऊलीकृपा

फार छान चर्चा. वाचनखूण साठवली आहे. एक शंका. आमचा मुलगा डिप्लोमाला आहे, इंग्रजी कच्चं आहे. हे सगळं मराठीत काही आहे का?

मुक्ता_ज

माऊलीकृपा, सायली, दोघांसाठी लिहिते. मी भाषाशास्त्राकडून संगणकाकडे आले, म्हणजे उलट्या रस्त्याने.

पाठ्यपुस्तक म्हणून ज्यावर भिस्त ठेवावी असं मराठीत मला काही देता येत नाही, खोटी आशा कशाला दाखवू. पण विषयाच्या मागचं गणित कुठल्या माणसांच्या डोक्यातून आलं हे वाचायचं असेल तर अच्युत गोडबोले आणि माधवी ठाकूरदेसाई यांचं 'गणिती' मुलाच्या हातात द्या. आणि मराठी माध्यमाच्या मुलांनी एक लक्षात घ्यावं. संभाव्यता तुम्ही दहावीला केली आहे. क्रेमरच्या पद्धतीत निश्चयकही काढला आहे. इंग्रजी पुस्तकात 'डिटरमिनंट' दिसला की पोरं नवीन काहीतरी म्हणून दचकतात. तो जुनाच ओळखीचा माणूस असतो, कोट घालून आलेला. मी स्वतः वहीत डाव्या बाजूला इंग्रजी शब्द आणि उजव्या बाजूला माझ्या शब्दांत अर्थ लिहायचे. शुद्ध पारिभाषिक नाही, अगदी घरगुती. 'ग्रेडियंट: डोंगरावर आंधळ्या माणसाच्या पायाला लागणारा चढ.'

सायली, तुला भाषेची आवड असेल तर जुराफ्स्की आणि मार्टिन यांचं 'स्पीच अँड लँग्वेज प्रोसेसिंग' बघ. पहिली आवृत्ती 2000 ची, तिसरीचा मसुदा ते वेबवर ठेवतात आणि सुधारत असतात. शब्द आणि टोकन (मॉडेल मजकुराचे करतं ते तुकडे) ह्या प्रकरणापासून सुरू कर, आणि प्रत्येक उदाहरण मराठीत करून बघ. आपल्याला फायदा तिथेच आहे. उदाहरणार्थ 'विद्यार्थ्यांच्या'. आपल्या डोळ्याला चार अक्षरं दिसतात: वि, द्या, र्थ्यां, च्या. पायथनला लांबी विचार, तो 17 म्हणेल. काना, मात्रा, हलन्त, अनुस्वार सगळे वेगळे मोजले जातात. आता यूटीएफ-8 ह्या मजकूर साठवायच्या पद्धतीत बाइट मोज: 51. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट खातं, इंग्रजी अक्षर एक. मोठ्या भाषा-मॉडेलांचे टोकनायझर (हे तुकडे पाडणारे प्रोग्रॅम) बरेचदा बाइटांपासून सुरुवात करतात आणि ज्या भाषेचा मजकूर जास्त तिचे तुकडे आधी जोडतात. म्हणून इंग्रजी शब्द एका घासात जातो आणि आपला शब्द चुरा होऊन. हे कुठल्याही 'टॉप टेन' यादीत नसतं. पण चार ओळींच्या कोडने तुला स्वतःला दिसेल.

त्यात आपल्याकडे प्रत्यय चिकटतात. घर, घरात, घरातला, घरातल्यांना, घरातल्यांनासुद्धा. इंग्रजीतले पाच-सहा शब्द आपण एका दमात म्हणतो.

मराठीवर काम करायचं तर डेटाही आहे. पुण्यातल्या एल-थ्री-क्यूब गटाने 2021 मध्ये सुमारे 16,000 मराठी ट्वीटांचा भावना ओळखण्याचा संच खुला केला, त्यांचं महाबर्ट हे मराठी भाषा-मॉडेलही आहे. आयआयटी मुंबईत मराठी वर्डनेट (शब्दांच्या अर्थांच्या नात्यांचा कोश) आहे. आयआयटी मद्रासचा एआय-फोर-भारत हा भारतीय भाषांवर काम करणारा गट आहे. तिथले मितेश खापरा यांचा एनपीटेलवरचा डीप लर्निंगचा कोर्स मी चक्क दोनदा केला. ते इतिहासापासून सुरू करतात, 1943 चा मॅकलक-पिट्स न्यूरॉन, मग पर्सेप्ट्रॉन (वजनं शिकणारा एकटा न्यूरॉन), मग पुढे. बोलणं इतकं सावकाश आणि स्पष्ट की इंग्रजीची भीती गेली.

सायली_मिरज

ताई, चार ओळींचा कोड आत्ताच चालवला. खरंच 17 आणि 51! माझं नाव 'सायली' म्हणजे 5 आणि 15. रूममेट शेजारी बसून सगळ्यांची नावं मोजते आहे.

पण गणिताचं काय करू? एम-थ्री (गणिताचा तिसरा पेपर) मी कशीबशी काढली.

अटकेपार

डायझनरॉथ, फैसल आणि आँग यांचं 'मॅथेमॅटिक्स फॉर मशीन लर्निंग', केंब्रिज, 2020. फुकट पीडीएफ.

खडूस_मास्तर

ते पुस्तक चांगलं आहे, पण आधीच गणित येणाऱ्याला उजळणी म्हणून. नुसतं वाचायला घेतलंस तर दहाव्या दिवशी सोडशील. त्याआधी गिल्बर्ट स्ट्रँग यांची एमआयटीतली लिनिअर अल्जिब्राची व्याख्यानं ऐक, फुकट आहेत. 2023 साली 88 व्या वर्षी त्यांनी शेवटचं व्याख्यान दिलं. फळ्यावर खडूने एक मॅट्रिक्स लिहितात आणि तिच्याकडे असं कौतुकाने बघतात की आपणही बघायला लागतो. पहिली दहा पुरेत. चित्रं हवी असतील तर ग्रँट सँडरसनच्या थ्री-ब्लू-वन-ब्राउनवरची लिनिअर अल्जिब्राची मालिका.

एक काम मात्र हाताने कर. दोन इनपुट, दोन लपलेले न्यूरॉन, एक आउटपुट. वजनं मनाने दे. पुढे जा, चूक काढ, मागे ये, वजनं बदल. कॅल्क्युलेटर घे, हरकत नाही. एक अख्खा फेरा कागदावर. रुमेलहार्ट, हिंटन आणि विल्यम्स यांचा 1986 चा 'नेचर'मधला बॅकप्रोपगेशनचा पेपर चार पानांचा आहे, तो त्यानंतर वाच. आधी वाचलास तर ग्रीक अक्षरं दिसतील, नंतर वाचलास तर तुझीच वही दिसेल.

गोदाकाठ

+1. गोष्टीसारखं गणित हवं असेल तर अनिल अनंतस्वामींचं 'व्हाय मशीन्स लर्न', 2024. पत्रकाराने लिहिलंय, पण समीकरणं गाळलेली नाहीत. डेटा सरळ रेषेने वेगळा होत असेल तर पर्सेप्ट्रॉन शेवटी थांबतोच ह्याची सिद्धता आहे त्यात. तुझे दीड हजार खर्चायचे तर ह्यावर खर्च. बाकी बहुतेक सगळं फुकट आहे. छापील हवंच असेल तर पुण्याला आलीस की अप्पा बळवंत चौकात जुनी पुस्तकं चाळ. टॉम मिचेलचं 'मशीन लर्निंग' दिसलं तर उचल. 1997 चं आहे, पण अजून त्याच्याइतकं नीट लिहिलेलं कमीच.

खडूस_मास्तर

मिचेल विकत घेऊ नकोस. माझ्याकडे दोन प्रती आहेत, एकीवर चहा सांडलाय. विपूत (निरोपात) पत्ता दे, चहाची पाठवतो.

आणि शेवटचं. ह्या सगळ्याच्या आधी, उद्या सकाळी, ॲलन ट्युरिंगचा 1950 चा लेख वाच. 'माइंड' ह्या तत्त्वज्ञानाच्या नियतकालिकात आला होता. समीकरणं जवळपास नाहीत, इंग्रजी साधं. यंत्र विचार करू शकतं का, हा प्रश्न बाजूला ठेवून तो एक खेळ मांडतो, आणि मग विरोधकांचे नऊ आक्षेप एकेक करून घेतो. आजही टीव्हीवर जे वाद चालतात ते सगळे त्या नऊंत बसतात. सुरुवातीलाच प्रश्नोत्तरांचा छोटा नमुना आहे. माणूस सुनीत लिहायला सांगतो, समोरचा म्हणतो, मला ह्यातून वगळा, कविता कधी जमलीच नाही. पुढे एक बेरीज आहे. पेन्सिल हातात ठेवून वाच. का ते सांगणार नाही.

तिरकस

मास्तर, हिंट?

खडूस_मास्तर

नाही.

माऊलीकृपा

मुलाला धागा दाखवला. तो म्हणाला, काड्यापेट्यांचं करून बघतो. घरात चोवीस निघाल्या.

खडूस_मास्तर

वा! पूर्ण पटाला 304 लागतात, पण चोवीसात छोटा खेळ बसेल. त्याला म्हणावं दहा काड्यांचा ढीग कर, एका वेळी एक किंवा दोन उचलायच्या, शेवटची उचलेल तो हरला. ढिगात किती उरल्या एवढीच स्थिती, म्हणजे दहा पेट्या पुरतात.

---

*(सात आठवड्यांनंतर)*

सायली_मिरज

धागा वर काढते आहे. कॉलेज सुरू झालं. हिशोब द्यायला आले.

चाळीसातलं पूर्ण असं एकही झालं नाही. स्टॅटिस्टिकल लर्निंगची सहा प्रकरणं झाली, प्रयोगांसकट. गोदाकाठ दादांचा 50 आणि 5000 वाला प्रयोग केला, मला चूक 4 टक्के आली. मी आनंदाने उडी मारली आणि मग आठवलं की आनंद व्हायला नको होता. गणिताच्या पुस्तकात मास्तर म्हणाले तसंच झालं, फक्त दहाव्याऐवजी सहाव्या दिवशी सोडलं. स्ट्रँग सरांची आठ व्याख्यानं ऐकली. मायक्रोग्रॅड दोनदा टाईप केलं. पहिल्यांदा कळलं नाही, दुसऱ्यांदा प्लसच्या जागी मायनस झाला होता, तो शोधण्यात एक रात्र गेली आणि त्या रात्री कळलं. अटेन्शनचा पेपर चौथ्या पानावर अडलाय. मिरज-रत्नागिरी झालं, भावाने पट्टी धरली. त्याला वीस स्थितींचं झाड काढून दाखवलं. आता तो वर्गात सांगतो की माझ्या ताईला पाणी न ओतता पाणी मोजता येतं.

मिचेल मिळालं सर. चहा फक्त निर्णयवृक्षाच्या प्रकरणावर आहे, वाचता येतं.

आता ट्युरिंग. मी तो पहिल्या दिवशी वाचला तेव्हा पेन्सिल हातात होती, पण नुसतीच होती. बेरीज बघितली आणि पुढे गेले. 34957 अधिक 70764. उत्तर देणारा तीस सेकंद थांबतो आणि 105621 सांगतो. छापलेलं उत्तर आहे, बरोबरच असणार असं धरून मी नऊ आक्षेपांपर्यंत पोचले. गेल्या आठवड्यात मैत्रिणीला दाखवायला पुन्हा उघडला आणि सहज मांडून केली. 105721 येतं. शंभराने चूक! आधी वाटलं मीच चुकले, मग मोबाईलवर केली. मैत्रीण म्हणाली, छपाईची चूक असेल.

मग पुढे वाचताना सापडलं. यंत्राला गणितावरून पकडता येईल असं कोणी म्हटलं, तर त्यावर तो लिहितो की ह्या खेळासाठी बनवलेलं यंत्र बरोबर उत्तर द्यायला जाणारच नाही, ते मुद्दाम चुका घालेल, विचारणारा गोंधळावा अशा. म्हणजे सुरुवातीच्या त्या बेरजेत उत्तर देणारा कोण होता? आम्ही चौघी रात्री एक वाजेपर्यंत गच्चीवर ह्यावर भांडलो. दोन विरुद्ध दोन.

अटकेपार

मी हा लेख तीनदा वाचलाय. एकदाही बेरीज केलेली नाही. जाऊन केली. आता कोणाला सांगू नका.

तिरकस

मी पण. मोबाईलवर. मास्तर, तुम्ही भयंकर माणूस आहात.

मुक्ता_ज

सायली, तू कोणत्या दोघींत होतीस?

सायली_मिरज

यंत्र होतं म्हणणाऱ्यांत. पण आता तीस सेकंदांवर अडले आहे. यंत्र असतं तर तीस सेकंद कशाला थांबेल? आणि तेही मुद्दामच असेल तर?

खडूस_मास्तर

बेरजेखालीच बुद्धिबळाचा प्रश्न आहे. विचारणाऱ्याकडे एकटा राजा, समोरच्याकडे राजा आणि हत्ती. तिथे पंधरा सेकंदांत उत्तर येतं. ते बरोबर आहे का तपासलंस?

सायली_मिरज

नाही सर. आत्ता खालच्या खोलीतून पट मागवला. त्यातला एक हत्ती हरवलाय, पण इथे एकच लागतो ना.